आईचा शेंगेन व्हिसा आणि रात्री पाऊण वाजताचं विमान

आई आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जाणार होती. प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, बुडापेस्ट, नोव्हेंबरच्या शेवटी, तिकडे ख्रिसमसचे बाजार लागतात तेव्हा. जुलैत ठरलं आणि मी म्हटलं चला अजून चार महिने आहेत, व्हिसाचं बघू निवांत. पहिली चूक तीच. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा असतो, हे मला कागदावर माहीत होतं, पण व्हिसा सेंटरला कागद द्यायची अपॉइंटमेंट नावाची जी गोष्ट असते ती या नियमात कुठे लिहिलेली नसते ना. आम्ही साइट उघडायचो तर सगळा महिना करडा. म्हणजे तारखाच नाहीत. रात्री अकराला बघा, पहाटे उठून बघा, करडाच.

आईला मी नाव सांगितलं शेंगेन तर तिने शेजारच्या काकूंना सांगितलं आमचा शेंगदाण्याचा व्हिसा काढायचाय. मग मी तिला नीट समजावलं की शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटंसं गाव आहे, तिथे १४ जून १९८५ ला पाच देशांनी नदीतल्या बोटीवर बसून सह्या केल्या की आपापसातल्या सीमेवरची तपासणी काढून टाकू. प्रत्यक्षात ती १९९५ साली निघाली. आता या गटात २९ देश आहेत, म्हणजे एक व्हिसा आणि २९ देश. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत तरी यात आहेत, आयर्लंड युनियनमध्ये आहे तरी यात नाही. आई म्हणाली, "बोटीवर का? ऑफिस नव्हतं का त्यांना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर २९ देश असले तरी अर्ज एकाच देशाकडे करायचा. कुठल्या, तर जिथे जास्त दिवस राहणार त्याच्याकडे. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आमचा पहिला प्लॅन होता प्राग ४ रात्री, ऑस्ट्रिया ४, बुडापेस्ट ४. छान समसमान वाटणी केली होती मी, बघायला सुंदर. पण मग नियमाने प्रागच्या चेक रिपब्लिककडे अर्ज करावा लागणार, आणि त्यांच्या तारखा तर दिसतच नव्हत्या. ओळखीतल्या दोघातिघांनी सल्ला दिला की ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळते त्याच्याकडे टाक, हॉटेलं दाखवायला तिथली बुक कर आणि नंतर कॅन्सल कर. हे लोक सर्रास करतात. पण मला ते पटलं नाही, म्हणजे मी फार सत्यवादी वगैरे आहे अशातला भाग नाही, पण आई सोबत आणि सीमेवर कोणी विचारलं की बाई तुमचा व्हिसा इकडचा आणि तुम्ही तिकडेच कशा राहताय, तर ती खरं सांगून मोकळी होणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी प्लॅनच खरोखर बदलला. प्राग ३ रात्री, व्हिएन्ना ४, साल्झबर्ग २, बुडापेस्ट २. म्हणजे ऑस्ट्रियात ६, सगळ्यात जास्त. आणि ऑस्ट्रियाच्या तारखा दोनतीन दिवस लक्ष ठेवल्यावर मिळाल्या, २२ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ, दोघांच्या लागोपाठ. अपॉइंटमेंट काढून देतो असं सांगून पैसे घेणारे पण भरपूर भेटतात, त्यांच्या नादी लागलो नाही.

आता कागद. यादी सगळ्यांना मिळते त्यामुळे ती लिहीत बसत नाही, पण काही गोष्टी यादीत एका ओळीत असतात आणि प्रत्यक्षात दोन दोन दिवस खातात त्या सांगतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, तिथून निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत, हे सोपं होतं. फोटो ३५ बाय ४५ मिलीमीटर, पाठीमागे साधा फिकट पडदा, सहा महिन्यांच्या आतला. आईच्या चष्म्यावर चमक आली म्हणून दोनदा काढला. झालं.

खरा घोळ नावांचा. आईच्या पासपोर्टवर आधी तिचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. बँकेत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. पेन्शनच्या कागदावर पूर्ण नाव पण क्रम उलटा. आणि खर्च मी करणार असल्यामुळे मी तिचा मुलगा आहे हे दाखवायला माझा जन्मदाखला जोडायचा होता, त्यावर आईच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त! इतकी वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही. म्हणजे चार कागद आणि चार बायका. शेवटी या सगळ्या एकच असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं, बँकेतून पूर्ण नाव लिहिलेलं आणि सहीशिक्क्याचं पत्र आणलं. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर विमान वगैरे नंतर बघा, आधी त्यांचे सगळे कागद एका टेबलावर पसरून नुसती नावं वाचा. आमचा एक अख्खा आठवडा यात गेला.

फॉर्म भरताना एक मजा झाली. त्यात आडनावाच्या खाली लगेच जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात. मी विचारलं, आई माहेरचं आडनाव स्पेलिंगसकट सांग. ती एकदम गप्पच झाली. मग म्हणाली, अरे बेचाळीस वर्षांत कुठल्या फॉर्मवर हे कोणी विचारलं नव्हतं. आणि मग सावकाश एक एक अक्षर सांगितलं, आणि मी टाइप केल्यावर चष्मा लावून स्क्रीनवर बघून आली बरोबर आहे का ते.

बँकेचं स्टेटमेंट. लोक इथे शेवटच्या महिन्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात टाकून घेतात आणि स्टेटमेंट काढतात. असं करू नका, अगदी नका. ते कागद बघणारा माणूस दिवसभर हेच बघतो, त्याला पहिल्या नजरेत कळतं की पाच महिने खात्यात शांतता होती आणि अचानक दिवाळी. माझ्या खात्यात काही फार नव्हतं पण दर महिन्याला पगार येतो, हप्ता जातो, थोडं उरतं, असं दिसत होतं. आयटी रिटर्न, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजापत्र जोडलं. आईची पेन्शन स्लिप जोडली, कारण तिची बाजू अशी की मी परत येणार, इथे माझी पेन्शन चालू आहे, घर आहे.

कव्हर लेटर मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा इतकं भावनिक झालं होतं, आईचं स्वप्न वगैरे, की माझं मलाच वाचवेना. फाडलं. दुसऱ्यात नुसते नियमच झाले. तिसऱ्यात फक्त दिवसवार लिहिलं, २७ तारखेला प्राग, ३० ला ट्रेनने व्हिएन्ना, कुठे राहणार, पैसे कोण देणार, परत कधी. सव्वा पान. आणि ते लिहितानाच मला कळलं की हे सगळं प्रकरण तारखांचं आहे. म्हणजे प्रत्येक कागदावर एक तारीख आहे आणि तिकडचा माणूस बहुतेक एवढंच बघत असणार की या सगळ्या तारखा एकमेकींशी बोलतात का. ऑफिसातल्या एका मित्राचा व्हिसा मागच्या वर्षी नाकारला गेला होता, त्याला छापील कागद मिळाला, त्यावर कारणांची यादी असते आणि जे लागू त्यावर खूण. त्याला खूण होती प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी नीट पटवून दिल्या नाहीत यावर. तो महिनाभर चिडला होता की माझ्या खात्यात एवढे पैसे असून असं कसं. मी त्याची फाइल मागून घेतली होती यावेळी, नमुना म्हणून, आणि बघतो तर रजापत्रात १० दिवसांची रजा आणि प्रवासाच्या आराखड्यात १४ दिवस! हेच कारण असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही पण मी असतो तर मीही खूण केली असती. फी परत मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. अपील करता येतं, ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे.

हे एवढं शहाणपण मित्राच्या फाइलवर पाजळून झाल्यावर मी स्वतः काय केलं ते आता ऐका.

२२ सप्टेंबरला आम्ही व्हिसा सेंटरला पोचलो. एक गोष्ट आधी समजून घ्या, तिथे बसलेले लोक व्हिसा देत नाहीत. ते खाजगी कंपनीचे लोक, कागद घेतात, बोटांचे ठसे घेतात, फी घेतात आणि फाइल दूतावासाकडे पाठवतात. निर्णय तिकडे. त्यामुळे त्यांच्यासमोर पोटतिडकीने आपली बाजू मांडण्यात काही अर्थ नाही, आईने मात्र गार्डपासून सगळ्यांना सांगितलं की मुलगा घेऊन चाललाय. फी माणशी ९० युरो, आपल्या पैशात घेतात, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याहून लहानांना माफ. वर सेंटरचा सेवाकर वेगळा. आणि मग एसेमेस पाहिजे का, कुरियर पाहिजे का, लाउंजमध्ये बसायचं का. लाउंज घेतल्याने व्हिसा लवकर येत नाही, फक्त सोफा मऊ मिळतो.

काउंटरवरची मुलगी एक एक कागद उलटत गेली, पटापट, मी मनात म्हणतोय व्वा काय फाइल लावलीय आपण. आणि मग ती थांबली. "सर तुमची रिटर्न फ्लाइट कधी आहे?" म्हटलं आठ डिसेंबर. "नाही सर, नऊ डिसेंबर. झिरो झिरो फोर फाइव्ह." म्हणजे रात्रीचे पाऊण वाजता. आठच्या रात्री एअरपोर्टला जायचं पण विमान उडणार नऊ तारखेला. मी फॉर्ममध्ये निघायची तारीख टाकली होती ८. आणि इन्शुरन्स काढला होता तोही ८ पर्यंत!! रजापत्रात मात्र १० ला कामावर रुजू, ते बरोबर. म्हणजे माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये तारखा एकमेकींशी अजिबात बोलत नव्हत्या आणि मी आपला मित्राला हसत होतो.

आता हे एवढं महत्त्वाचं का, तर दोन कारणं. एक, प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास परत आणायचा खर्च धरून, आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात यायला हवेत. एक दिवस कमी म्हणजे कमीच. दुसरं, मुक्कामाचे दिवस मोजताना उतरायचा दिवस पण पूर्ण धरतात आणि निघायचा पण पूर्ण धरतात. तुम्ही रात्री अकराला उतरा नाहीतर पहाटे दोनला निघा, तो एक दिवस. माझ्या हिशोबाने १२ दिवस होते, खरे १३. आणि व्हिसा जर १२ दिवसांचा आला असता तर नऊ तारखेला सीमेवर आम्ही बेकायदा मुक्कामी!

मुलगी चांगली होती. ती म्हणाली तुम्ही असंच सबमिट करू शकता, मी तसं लिहून तुमची सही घेईन, किंवा पाऊण तासात दुरुस्त करून आणा, मी टोकन ठेवते. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला, होल्डवर ती सनई, मग पॉलिसी नंबर, मग ओटीपी, ओटीपी येईना कारण आत नेटवर्क नाही आणि बाहेर गेलं की गार्ड म्हणतो परत लाइनीत या, अशी सगळी कसरत करून दोघांच्या पॉलिस्या १० डिसेंबरपर्यंत वाढवल्या (हो, एक दिवस जास्तीचा, आता मी अंगावर घ्यायला तयार नव्हतो), सेंटरमध्येच प्रिंट काढले, फॉर्मचं पान नवीन भरलं, सही केली. प्रिंटचा दर तिथे काय असतो ते विचारू नका.

तेवढ्यात आत आईचे ठसे चालू होते आणि तिथे वेगळंच नाटक. मशीन घेईचना. आयुष्यभर भांडी आणि खडू, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत असं तीच म्हणाली. ऑपरेटरने ओल्या टिश्यूने पुसून बघितलं, काकू जोरात दाबा, काकू सैल सोडा, मग हात चोळा. पाचव्या की सहाव्या प्रयत्नात दहाही बोटं आली. ज्यांचे ठसे शारीरिक कारणाने घेताच येत नाहीत त्यांना सूट असते, १२ वर्षांखालच्या मुलांना पण असते, पण तिथपर्यंत वेळ गेली नाही. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे पाच वर्षांना एक महिना कमी. आई बाहेर आली ती एकदम विजयी मुद्रेने. मी घामाघूम.

नंतर वाट बघणं. नियमाने १५ दिवसांत निर्णय, काही प्रकरणात ४५ पर्यंत जाऊ शकतो. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य, अर्ज दूतावासात विचाराधीन आहे. मी दिवसातून आठ वेळा बघायचो. आईने एकदाही विचारलं नाही, ती लोकरीची टोपी विणत होती. मी विचारलं तुला टेन्शन नाही का, तर म्हणाली, "नाही दिला तर नाही दिला, टोपी इथे पण घालता येते."

सोळाव्या दिवशी मेसेज आला पासपोर्ट घेऊन जा. मेसेजमध्ये व्हिसा दिला की नाकारला हे लिहीत नाहीत, बंद पाकीट मिळतं, तुम्हीच उघडायचं. तिथे बाहेर फुटपाथवर सगळे लोक पाकिटं फाडत असतात, कोणी हसतंय कोणी फोन लावतंय. आमचे दोन्ही आले होते.

स्टिकर नीट वाचायला शिका, त्यात फार लोक फसतात. आमच्यावर होतं, २७-११-२५ पासून २४-१२-२५ पर्यंत, एन्ट्री एक, मुक्कामाचे दिवस १३. आई म्हणाली अरे २४ डिसेंबरपर्यंत दिलाय की, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत राहू शकतो. नाही! वरच्या दोन तारखा म्हणजे खिडकी. त्या खिडकीत केव्हाही या पण राहायचं १३ च दिवस. शेवटी जे १५ दिवस जास्तीचे दिसतात ते प्रवास पुढेमागे झाला तर म्हणून. आणि मल्टिपल एन्ट्रीवाल्यांना, म्हणजे ज्यांना पुन्हा पुन्हा आत येता येतं त्यांना, वेगळा हिशोब, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि ते १८० रोज पुढे सरकतात, त्याचा हिशोब करायला डोकं फार शांत लागतं. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये एक चांगला नियम आलाय, मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा २ वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो. आमचा आत्ता पहिलाच. आईने तेही मोजलं, म्हणजे अजून एकदा जायला लागेल ना.

निघायच्या आदल्या दिवशी तिची बॅग तपासली. तुपाची बरणी आणि पेढे निघाले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, हे मी सांगितल्यावर तिला वाटलं मी गंमत करतोय. तूप काय बॉम्ब आहे का. शेवटी चिवडा गेला, तूप राहिलं. हा वाद व्हिसाच्या सगळ्या प्रकरणापेक्षा मोठा झाला होता हे नोंदवून ठेवतो.

एअरपोर्टवर पहिली तपासणी इमिग्रेशन करत नाही, विमान कंपनीचा चेक इन काउंटर करतो. कारण कागद नसलेला माणूस नेला तर दंड कंपनीला बसतो. तिथल्या पोराने स्टिकर बघितला, तिकीट बघितलं, "व्हिसा ऑस्ट्रियाचा, उतरताय प्रागला?" म्हटलं हो, जास्त रात्री ऑस्ट्रियात आहेत, आणि हॉटेलचे प्रिंट काढायला लागलो तर म्हणाला नको नको ठीक आहे. त्याला माहीत होतं. मी मात्र पुढच्यासाठी रंगीत तालीम करून घेतली.

प्रागला विमानातून उतरल्यावर लांब रांग. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवीन ईईएस (एन्ट्री एक्झिट सिस्टिम) चालू झालीय, पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी तुमची ये-जा कॉम्प्युटरवर नोंदवतात. टप्प्याटप्प्याने चालू झाल्यामुळे आम्ही गेलो तेव्हा दोन्ही होतं, नोंदणी पण आणि शिक्का पण. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांचे ठसे तिथे नव्याने घेतात, आपल्यासारख्या व्हिसावाल्यांचे ठसे आधीच व्हिसाच्या सिस्टिममध्ये असतात त्यामुळे फक्त पडताळून बघतात आणि चेहऱ्याचा फोटो काढतात. फक्त पडताळून! मी आईच्या बोटांकडे बघितलं.

आम्ही दोघं एकाच खिडकीपाशी गेलो, एका कुटुंबाचे असल्यावर जाऊ देतात. ऑफिसर साधारण माझ्याच वयाचा, चेहरा कोरा. किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. आणि मग तोच प्रश्न, ऑस्ट्रियाचा व्हिसा का? मी एका दमात सगळा आराखडा म्हणून दाखवला, तीन रात्री प्राग, चार व्हिएन्ना, दोन साल्झबर्ग, दोन बुडापेस्ट, पाढ्यासारखा. त्याने हॉटेलचा कागद मागितला, मी कागदच दिला, फोन नाही, कारण तिथे माझं नेट चालतच नव्हतं. म्हणून सांगतो सगळं छापून न्या, हातातल्या पिशवीत ठेवा, चेक इन बॅगेत टाकू नका. व्हिसा असला म्हणजे आत सोडतीलच असं नसतं, सीमेवरचा माणूस राहायचं ठिकाण, पैसे, इन्शुरन्स काहीही परत विचारू शकतो आणि अडवू पण शकतो.

मग आईची बोटं. लाल दिवा. परत लाल. मागची रांग खाकरायला लागली. आईने शांतपणे हात मागे घेतले, पदराला पुसले, एकमेकांवर खसाखसा चोळले, तोंडाने वाफ दिली आणि परत ठेवले. हिरवा. तो कोऱ्या चेहऱ्याचा माणूस हसला, खरंच हसला, आणि ठप्प करून शिक्का मारला. व्हिसा सेंटरला ती काय शिकून बाहेर आली होती ते मला तेव्हा कळलं.

पुढचं फिरणं हा इथला विषय नाही, फक्त एक सांगतो. प्राग ते व्हिएन्ना ट्रेनमध्ये सीमा कधी गेली कळलंच नाही, फोनवर वेलकमचा मेसेज आला तेवढाच. त्यामुळे आम्ही सैल झालो. साल्झबर्गहून जर्मनीतलं कोनिग्सझे तळं बघायला बसने जातात, अर्ध्या पाऊण तासाचा रस्ता, जर्मनीत शिरायचं नि परत यायचं. मी आईला म्हटलं पासपोर्ट लॉकरमध्येच ठेवू, हरवायला नको. ती म्हणाली राहू दे माझ्याजवळ, त्याच्यावर फोटो चांगला आलाय. आणि बस सीमेवर थांबली, जर्मन पोलीस चढले. ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून तपासणी परत चालू केलीय ती अजून चालूच आहे, नावाला तात्पुरती. आईच्या पर्समधून दोन्ही पासपोर्ट निघाले. माझा पण तिनेच उचलून आणला होता.

शेवटची रात्र बुडापेस्ट. नऊ तारखेचं ते पाऊण वाजताचं विमान. तेरावा दिवस, ज्याच्यासाठी मी कॉरिडॉरमध्ये पाऊण तास सनई ऐकली होती, दोन पॉलिस्या वाढवल्या होत्या, फॉर्मचं पान बदललं होतं. आम्ही उगाच वेळेआधीच पोचलो एअरपोर्टला, पासपोर्टच्या खिडकीत गर्दी पण नव्हती, बाईने दोन्ही पासपोर्ट घेतले, स्क्रीन बघितला, शिक्के मारले आणि परत दिले. साडेदहा वाजले होते. गेटपाशी बसल्यावर आईने चष्मा लावून शिक्का वाचला, मग माझ्याकडे सरकवला.

"हा तर आठ तारखेचाच आहे रे."

मी बघितलं. ०८-१२-२५. बाराव्या दिवशीच आम्ही कागदोपत्री युरोपच्या बाहेर पडलो होतो. आई म्हणाली, मग तेराव्या दिवसाचे पैसे परत देतात का ते विचार.